सोबतीचा रकाना

टोमॅटो पिकायला आणि आभाळ भरून यायला एकच गाठ पडली. दहा दिवस ऊन म्हणून नाही. नुसता दमट, मळकट उजेड, आणि पानांवर तपकिरी ठिपके. करपा एका टोकाला दिसला की चार दिवसांत दुसऱ्या टोकाला पोचतो. तोवर जे फळ हाती लागेल ते उतरवायचं, एवढंच माणसाच्या हातात. माल न्यायला गाडी यायची सोमवारी आणि गुरुवारी, दुपारी एकला. आणि शहरातलं ते सल्ला केंद्र उघडं असायचं तेही नेमकं सोमवारी आणि गुरुवारी, दहा ते एक.

अण्णानं चिठ्ठी उलटीपालटी करून पाहिली. गावच्या दवाखान्यातल्या नर्सनं लिहून दिली होती. तरुण आईबाप आणि कमी वयाच्या गरोदर मुलींसाठी मदत व सल्ला, खाली पत्ता, त्याखाली वार. मंगळवारी जमेल का, असं त्यानं विचारलं. मंगळवारी सल्ल्याच्या बाई दुसऱ्या गावाला असतात, नर्स म्हणाली. बुधवारी तिसऱ्या. शुक्रवारचं अण्णानं विचारलंच नाही.

बेबीला सातवा लागला होता. सतरा वर्षांची पोर. जन्मल्यापासून घरात बेबी बेबी म्हणत आलेले, आणि आता त्या नावाची पंचाईत होऊन बसली होती. शेजारणी बेबीची चौकशी करायच्या, तेव्हा पोटातल्या बाळाची की पोटाच्या धनिणीची, ते अण्णाला कळायचं नाही. कळलं तरी तो उत्तर द्यायचा नाही.

बायकोला चिठ्ठी दाखवली तेव्हा ती काठीला सुतळी बांधत होती. गाठ मारून होईपर्यंत तिनं वर पाहिलं नाही. मग म्हणाली, "मी त्या दारात पाऊल ठेवणार नाही. तुमची लेक, तुम्ही न्या."

दोन महिने ती बेबीशी बोलत नव्हती. घर दोन खोल्यांचं. न बोलायला तेवढ्यात जागा तरी कुठली? म्हणून सगळं बोलणं अण्णावरून जायचं. तिला सांगा, पाणी तापलंय. आईला सांगा, मला नको. तिला सांगा, नको तर नको. दोघी हाताच्या अंतरावर, आणि मधे अण्णा, ताटावर मान घालून. सुरुवातीला तो निरोप शब्दाला शब्द पोचवायचा. मग वैतागून नुसतं "ऐकलंस ना" म्हणायला लागला. पुढं तेही बंद केलं. तरी त्याच्याकडे तोंड करून दोघींचं चालूच.

पहिल्या सोमवारी तो पहाटे उठून वीस क्रेट भरून गेला. उरलेलं बायको एकटी बघणार होती. मोटारसायकलवर बेबी मागं एका बाजूला बसली. रस्ता असा, की एक खड्डा चुकवावा तर दुसऱ्यात जावं. अण्णानं उभ्या आयुष्यात इतकी हळू गाडी चालवली नव्हती. सायकलवाले मागं टाकून पुढं जात होते. एका सायकलवाल्यानं वळून पाहिलं आणि पेट्रोल संपलंय का म्हणून विचारलं.

केंद्र एका जुन्या गोदामाच्या वरच्या मजल्यावर होतं. जिना उंच, कठडा एकाच बाजूला. गरोदर बायांचं केंद्र वर ठेवण्याची अक्कल कुणाची असेल, असा विचार करत अण्णा बेबीच्या मागून चढला. वर प्लॅस्टिकच्या खुर्च्या, वजनाचा काटा, आणि भिंतीवर एक मोठं चित्र. चित्रात तरुण नवराबायको बाळाकडे बघून हसत होते. त्यांचे कपडे पांढरेशुभ्र होते. अण्णानं आपले हात पाहिले. टोमॅटोच्या झाडाचा चीक हाताला बसला की हिरवा होतो आणि वाळला की काळा. साबणानं जात नाही. त्यानं हात खिशात घातले.

टेबलामागच्या कारकुनानं अर्ज पुढं ओढला. नाव काय, म्हणाला.

"बेबी," अण्णा बोलून गेला.

"बाळाचं नाही हो. तिचं."

"तेच सांगतोय."

बेबीनं शाळेतलं नाव सांगितलं. कारकून लिहीत गेला. वय, गाव, कितवा महिना. मग बेबीकडे बघितलं, अण्णाकडे बघितलं, आणि सोबत आलेल्याचं नातं या रकान्यात शांतपणे "पती" असं लिहून टाकलं. अण्णाला उलटं वाचता येत होतं. 

"मी बाप आहे तिचा," तो म्हणाला.

शेजारच्या खुर्च्यांवरच्या दोन मुली हसल्या. बेबी खाली बघायला लागली. तिची मान, कान, सगळं लाल झालं. कारकुनाला वाईट वाटलं असावं, पण अर्जावर खाडाखोड चालत नाही, नवा अर्ज भरावा लागेल. आणि नवे अर्ज संपलेत, ते गुरुवारी येतील. एका शब्दाला रेघ मारून वर दुसरा लिहायला काय हरकत आहे, असं अण्णानं तीन तऱ्हेनं विचारून पाहिलं. कारकुनानं तिन्ही वेळा मान हलवली. बाई आत होत्या, पण अर्जाशिवाय त्यांना भेटता येत नव्हतं.

परत आले तेव्हा गाडी निघून गेली होती. बायकोला एकटीला तीनच क्रेट गाडीत चढवता आले होते, सतरा बांधावर तसेच. बायकोनं काही विचारलं नाही. तिला विचारायची गरजच वाटली नाही, याचाच अण्णाला जास्त राग आला.

गुरुवारी अर्ज मिळाला. बाईही भेटल्या. पंचविशी ओलांडली नसेल, डोळ्यांखाली काळं, समोर फायलींचा ढीग. अण्णानं खुर्ची ओढून बोलायला सुरुवात केली, की पोरगी साधी आहे, चूक झाली, आता पुढचं बघायचं. बाईंनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, तुम्ही थोडं बाहेर बसा, मला तिच्याशी एकटीशी बोलायचंय.

अण्णा बाहेर बाकड्यावर बसला. स्वतःची लेक, स्वतःचं पेट्रोल, बुडालेली तोडणी, आणि बसायचं बाहेर. शेजारी एक मुलगी मूल घेऊन बसली होती. तिला आत वजनाला बोलावलं तेव्हा तिनं विचारलंदेखील नाही, मूल त्याच्या मांडीवर ठेवलं आणि गेली. मूल जड होतं आणि त्याला दुधाचा आंबूस वास येत होता. त्यानं अण्णाचा काळा अंगठा घट्ट धरला. अण्णानं सोडवून घ्यायला पाहिलं, मुलानं सोडला नाही.

तेवढ्यात आतून हसू ऐकू आलं. बेबीचं. चार महिन्यांत घरात त्यानं ते ऐकलं नव्हतं. आधी बरं वाटलं आणि मग एकदम चीड आली. घरात तोंडाला कुलूप, आणि अर्ध्या तासाच्या ओळखीच्या बाईपुढं खिदळणं.

बेबी बाहेर आली ती कागदांची चळत घेऊन. दोन वेळा पोटभर खायचं, दुपारी पडायचं, जड उचलायचं नाही, फवारणीच्या आसपास फिरकायचं नाही. अण्णानं सगळं वाचलं. घराच्या तिन्ही बाजूंना टोमॅटो, आणि करप्यासाठी दर चौथ्या दिवशी फवारणी. मग पोरीनं जायचं कुठं, ते कागदावर नव्हतं. बाईंना त्यानं तसं विचारलं. त्यांनी थोडा विचार केला आणि म्हणाल्या, फवारणीच्या दिवशी तिला शाळेत पाठवा. परीक्षेचा अर्ज मी भरून देते. बसून पेपर लिहिता येतो.

अण्णाला वाटलं, बाई चेष्टा करतायत. त्या करत नव्हत्या. शेवटी म्हणाल्या, पुढच्या वेळी बाळाच्या बापाला आणता आलं तर आणा.

हे त्यांना सांगायला सोपं होतं. बाळाचा बाप म्हणजे एकोणीस वर्षांचा ट्रॅक्टरवाला. ज्याच्या त्याच्या रानात नांगरट करायचा. गेल्या दोन महिन्यांत अण्णानं त्याच्या घराचे उंबरे झिजवले होते. गेलं की त्याची आई शिवणयंत्रावर. पाय न थांबवता बोलायची. तो कामावर गेलाय. हंगाम होऊ द्या. लग्न काय पळून जातंय का? अण्णा उभ्यानंच ऐकायचा आणि उभ्यानंच परत यायचा. बसा म्हणायला ती विसरायची, की मुद्दाम म्हणायची नाही, ते त्याला ठरवता आलं नव्हतं.

या खेपेला तो तिच्याकडे गेलाच नाही. सरळ रानात गेला आणि ट्रॅक्टरपुढं उभा राहिला. पोरानं इंजिन बंद केलं. खाली उतरला. उन्हातान्हानं काळवंडलेला, मिसरूड धड फुटलेलं नाही. अण्णानं हात उचलायचा असं वाटेत ठरवलं होतं. पोराच्या मानेचं हाड बघून तो राहून गेला. लग्नाचं काय, एवढंच विचारलं. पोरगं बराच वेळ चाकाची माती नखानं काढत राहिलं.

"बरं," म्हणालं. "करतो."

एखाद्याची दोन वाफे नांगरट करून द्यायला कबूल व्हावं तसं. पण कबूल झालं. अण्णाच्या छातीवरचा दगड उतरला. घरी येऊन त्यानं दोघींना एकदमच सांगितलं, म्हणजे निरोप न्यायला नको. बायकोनं डोळे मिटून घेतले आणि मोठा श्वास सोडला. बेबी उठून बाहेर गेली. लाजली असेल, असं अण्णा समजला.

सोमवारी पोरगं स्वतःच्या गाडीवर आलं. केंद्रात तिघं बाईंसमोर बसले. अण्णानं आनंदाची बातमी सांगितली. बाईंनी बेबीकडे पाहिलं.

"मी लग्न करणार नाही," बेबी म्हणाली. "त्यानं बाळाचं बघावं, येत जावं. पण मी त्याच्या घरी जाणार नाही. मला परीक्षा द्यायचीय."

पोरगं खाली बघत होतं. त्याला लाज वाटत होती की सुटल्यासारखं, कळेना. बहुतेक दोन्ही. अण्णा उठून उभा राहिला. दोन महिने त्यानं दाराबाहेर उभं राहून काढले होते, आणि आता झालेलं काम ही पोरगी एका वाक्यात मोडत होती. तो बेबीला बोलला नाही. बाईंवर तुटून पडला. आमच्या पोरीचे कान तुम्ही भरलेत, तुमचं काय जातंय, कागद देता आणि घरी जाता, गावात तोंड आम्हाला दाखवायचंय. बाहेरचा कारकून दारात येऊन उभा राहिला.

बाईंनी पेन ठेवलं. त्याही वैतागलेल्याच होत्या.

"माझ्याकडे चाळीस मुली आहेत," त्या म्हणाल्या. "तुमच्याशिवाय एकीचाही बाप इथवर आलेला नाही. तुम्ही ओरडा, पण बसून ओरडा. जिना चढून आलाय, दम लागलाय तुम्हाला."

अण्णा बसला. ओरडायचं काही उरलं नव्हतं. पोरानं बापाच्या रकान्यात सही केली, अक्षरं सावकाश काढत, आणि निघून गेलं. मग बाईंनी दुसरा कागद पुढं केला. बाळंतपणाच्या वेळी मुलीजवळ कोण थांबणार? त्या माणसाचं नाव लिहायचं, आणि त्यानं आधी तीन वर्ग करायचे. बेबीनं लगेच म्हटलं, अण्णा. बाईंनी मान हलवली. दवाखान्याच्या त्या खोलीत पुरुषाला घेत नाहीत, नियम आहे. बाईमाणूस लागेल.

"आई येणार नाही," बेबी म्हणाली. हे ती अण्णाला नाही, बाईंना सांगत होती. "रिकामं ठेवलं तर चालतं का?"

"चालतं," बाई म्हणाल्या. "बऱ्याच जणींचं रिकामंच असतं."

घरी आल्यावर अण्णानं सगळं सांगितलं. लग्न मोडलं, हे ऐकून बायकोनं हातातली करंडी आपटली. सोबतीचा कागद तिनं हातातसुद्धा घेतला नाही. एवढी शहाणी झालीय तर एकटी निभावेल, असं तिला सांगा, म्हणाली. पलीकडून बेबी म्हणाली, आईला सांगा, निभावेन.

त्या क्षणी अण्णाचं डोकं फिरलं. तो म्हणाला, आता कुणाला काही सांगणार नाही. गुरुवारी मी गाडीला माल भरणार. ज्याला जायचं त्यानं बसनं जावं, ज्याला नाही त्यानं जाऊ नये. मी कंटाळलो तुम्हा दोघींना.

गुरुवारी सकाळी बेबी खरंच पहिल्या वर्गाला निघाली. एकटी, फाइल पोटाशी धरून, बांधावरून पाय जपून टाकत. बसथांबा मैलभर लांब. पाठीला हात लावून ती मधेच थांबली, पुन्हा चालायला लागली. अण्णा ओळीत वाकलेला होता. फळाला हात लावत होता, पण तोडत नव्हता. दोन ओळी पलीकडे बायको. तिचीही करंडी मघापासून भरत नव्हती.

बेबी वळणावर पोचली तेव्हा बायकोनं करंडी तिथंच ठेवली. कमरेचं पोतं सोडून फेकलं आणि निघाली. हात धुतले नाहीत, कपडे बदलले नाहीत. बेबीनं पावलं ऐकून मागं पाहिलं असावं, पण थांबली नाही. आईनंही हाक मारली नाही. दहा पावलांचं अंतर ठेवून दोघी रस्त्यानं गेल्या. अण्णाला वाटलं, भांडायलाच निघालीय. बाईंची आज खैर नाही.

त्या दिवशी त्यानं एकट्यानं जेमतेम तेरा क्रेट भरले. चारच्या सुमारास दोघी आल्या.  बायको चुलीपाशी बसली, बेबी भिंतीला टेकली. थोड्या वेळानं बायको म्हणाली, "पाय वर घेऊन बस. सुजलेत."

अण्णा सवयीनं बेबीकडे वळला. "आई म्हणतेय," तो बोलायला लागला, आणि थांबला. बेबीनं पाय वर घेतले होते.

त्यानंतर घरात बोलणं सुरू झालं म्हणजे गोडीगुलाबी सुरू झाली असं नाही. बायको आता बेबीला समोरासमोर बोल लावायला लागली, आणि बेबी उलट उत्तरं द्यायला लागली. उठायचं कसं, झोपायचं कुठल्या कुशीवर, पेपर लिहून कुठले दिवे लावणार आहेस. दिवसभर कटकट. अण्णाला क्षणभर वाटलं, आधीचं बरं होतं. दुसऱ्या वर्गालाही बायको गेली. बाई कशी आहे म्हणून त्यानं विचारलं, तर म्हणाली, काल जन्मलेली पोर, आम्हाला शिकवते श्वास कसा घ्यायचा. पण कागद तिनं नीट घडी घालून डब्यात ठेवला.

तिसऱ्या वर्गाच्या दिवशी बस बंद होती. अण्णानं शेजाऱ्याचा टेम्पो मागून घेतला. निम्म्याअधिक रान करप्यानं गेलंच होतं. मागं ठेवायला क्रेट होते कुठं फारसे? दोघींना वर सोडून तो बाकड्यावर बसला. वर्गाची खोली म्हणजे मधे एक प्लायवूडची भिंत. आत सात-आठ मुली आणि त्यांच्या सोबतीणी. बाई सोबतीणींना विचारत होत्या, तुमच्या वेळी कसं झालं होतं, तुमच्याजवळ कोण होतं? एकीनं थोडक्यात सांगितलं. एक रडली. मग त्याला बायकोचा आवाज आला. सुतळीच्या गाठी मोजाव्यात तसा सपाट.

अठरा वर्षांची होते, ती म्हणत होती. ही झाली तेव्हा. दोन दिवस लागले. आतल्या खोलीत. जवळ सासू होती, पण तिला घरचं काम, ती येऊन बघून जायची. दाईला दुसऱ्या दिवशी आणलं. हे रानात होते, फवारणीला. घराला लागूनच रान. पंपाचा आवाज येत होता. तेव्हा हातानं दांडा मारायचा पंप होता. पंप थांबला की मला वाटायचं, आता आले. औषध संपलं की ते थांबायचे, भरून घ्यायचे. मग पुन्हा सुरू. मी मोजत होते. पहिल्या दिवशी अकरा पंप झाले.

आत कुणाचीतरी खुर्ची सरकली. 

अण्णाला तो दिवस आठवत होता. रान एकट्यानं उरकलं होतं. संध्याकाळी पंप खाली ठेवला तेव्हा त्याची आई म्हणाली, आत काही तुझं काम नाही, विहिरीवर जा, अंघोळ कर. दुसऱ्या दिवशीही तेच. मग मुलगी झाल्याचं सांगितलं. पोराबाळांच्या गोष्टी निघाल्या की तो चारचौघांत सांगायचा, मी नुसता पंप खाली ठेवला, आणि बेबी आली. लोक हसायचे. बायको तिथंच कुठंतरी काम करत असायची.

टेबलामागच्या कारकुनानं त्याला पाणी हवंय का विचारलं. अण्णानं नको म्हटलं, आणि मग ग्लास घेतला.

वर्ग सुटला. बायको बेबीचा दंड धरून बाहेर आली. जिन्याला कठडा नाही त्या बाजूनं स्वतः, कठड्याच्या बाजूला बेबी. बेबीचे डोळे सुजले होते, पण ती आईला सांगत होती की मला एकटीला उतरता येतं. तुझं तोंड बंद ठेव आणि पायरी बघ, आई म्हणाली. अण्णा मागून उतरला.

टेम्पोत तिघं पुढंच बसले.  घरी आले तेव्हा मालाची गाडी रस्त्यावर हॉर्न वाजवत उभी होती. ड्रायव्हर चिडलेला. बेबी घरात गेली. अण्णा आणि बायको तसेच रानात उतरले. जेमतेम नऊ क्रेट होते, तेही अर्धे डागी. दोघं एकेक क्रेट दोन बाजूंनी धरून बांधावर आणायला लागले. तिसऱ्या क्रेटला अण्णानं कड धरली, पण उचलली नाही.

"मला बोलवायचं होतंस," तो म्हणाला.

बायकोला कशाबद्दल ते विचारावं लागलं नाही. तिनं ओल्या मातीत पाय घट्ट रोवले.

"कुणाकडून?" ती म्हणाली.

 घरात तेव्हा कोण कोण होतं, ते अण्णानं एकेक करून आठवून पाहिलं. त्यातला एकही माणूस निरोप घेऊन रानात आला नसता. आणि आला असता, तरी भरलेला पंप पाठीवरून उतरवून आपण गेलो असतो का, हे त्याला छातीवर हात ठेवून सांगता येईना.

रस्त्यावरून पुन्हा हॉर्न वाजला.

"उचला," बायको म्हणाली. "की तेही मी एकटीनंच करू?"

त्यानं उचललं.